चकमक की टोपी? भाच्याच्या ठासणीच्या बंदुकीचं किट निवडताना

माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, लँकेस्टरपासून गाडीनं अर्ध्या तासावर. मी ठाण्यात, सावरकरनगरला. ३१ वर्षं वागळे इस्टेटमध्ये डाय फिटर (कारखान्यातले साचे जुळवणारा) होतो, आता निवृत्त. मागच्या एप्रिलात एका शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, मला ठासणीची बंदूक करायचीय. किट आणून, स्वतःच्या हातानं. आणि नुसती भिंतीवर नाही लावायची, चालवायची. ६०० डॉलर बाजूला काढलेत. कुठलं किट घेऊ सांग."

त्यानं आयुष्यात कधी फाइल हातात धरलेली नाही. संगणकाचं काम करतो. पण विचारत होता ते मनापासून. पुढचे पाच महिने दर शनिवारी आमच्या साडेसातला, म्हणजे त्याच्या सकाळी दहाला, आम्ही व्हिडिओवर बसलो. त्यात काय ठरलं, का ठरलं आणि कुठे चुकलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. असाच प्रश्न तिकडच्या आणखी कुणा मराठी माणसाला पडला तर उपयोगी पडेल.

आधी इकडचं

ठाण्यात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे आपल्याकडे करायचं नाही. मलाही मोह झाला होता. एक किट इकडे मागवावं, बाल्कनीतल्या व्हाइसवर सावकाश जोडावं, असं वाटलं. ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी १९५९चा शस्त्र अधिनियम काढून समोर ठेवला. बंदूक बाळगायला कलम ३ खाली परवाना लागतो, बनवायला कलम ५ खाली आणि परदेशातून आणायला कलम १० खाली. ठासणीची आहे, जुन्या पद्धतीची आहे म्हणून सूट नाही. जिच्यातून बार निघू शकतो ती बंदूकच. मी तिथेच विषय सोडला.

ठासणीची बंदूक मला नवीन नाही. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. पण आजोबा गज नळीत घालून दारू ठासायचे तो ठक् ठक् आवाज अजून कानात आहे. भाच्याचा फोन आला तेव्हा पहिला तोच आवाज आठवला.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. १९६८च्या तिथल्या केंद्रीय बंदूक कायद्यात काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक 'पुराणवस्तू' या व्याख्येत बसते, नवी बनवलेली असली तरी. राज्याराज्यांचे नियम मात्र निराळे आहेत. शेजारच्या न्यू जर्सीत ती इतर बंदुकांसारखीच धरतात. भाच्याला आधी त्याच्या राज्याचा आणि त्याच्या नेमबाजीच्या रेंजचा नियम लेखी बघायला लावला. मगच पुढे गेलो.

काय काय समोर होतं

किट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आतून पीळ (गोळीला गिरकी देणारे वळते खाचे) पाडलेली आणि मागून बुच बसवलेली नळी, तयार चाप-घोड्याची यंत्रणा, ओबडधोबड आकाराचा लाकडी दस्ता, पितळी पट्ट्या, स्क्रू. नळी आणि बुच यांना हात लावायचा नसतो, ते कारखान्यानं केलेलं असतं. आपण लाकूड घासून धातूला मिळवायचं, धातू घासून लाकडाला मिळवायचा, रंग-तेल करायचं आणि नळीला तपकिरी गंजाचा थर चढवायचा.

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माणसाचं मन लांब नळीच्या चकमकीच्या रायफलीवर जाणार हे उघडच आहे. १८व्या शतकात लँकेस्टर परिसरातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनीच ती घडवली. नाव पडलं 'केंटकी रायफल', पण जन्म पेनसिल्व्हेनियाचा. त्या राज्यात १९७४पासून नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा खास हंगाम असतो, फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी. भाच्याला शिकार करायची नव्हती, कागदावर नेम धरायचा होता. पण चकमक हवी, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

त्यानं तीन पर्याय काढले होते. एक, ट्रॅडिशन्स या अमेरिकन कंपनीची किटं. ती स्पेनमध्ये बनतात आणि तेव्हा ४०० डॉलरच्या आसपास मिळत होती. दोन, ओहायोतल्या जिम किब्लर यांची किटं. लाकडाचे खाचे आणि यंत्रणेचे भाग संगणकी मशीनवर इतके अचूक कापलेले की भाग जवळजवळ आपणहून बसतात, पण किंमत तेव्हा हजाराच्या वर होती. तीन, जवळच्या गावात एका घरी विकायला काढलेली वापरलेली चकमकीची बंदूक. २०-२५ वर्षांपूर्वी कुणीतरी किटमधून जोडलेली, पॉलिश अर्धवट, किंमत २०० डॉलर. लायमन कंपनीची 'ग्रेट प्लेन्स' रायफल त्याला आवडली होती, ३२ इंची नळी आणि गोल गोळीला साजेसा सावकाश पीळ. पण ती आता बनत नाही, म्हणून यादीतून गेली.

त्याचा कल तिसरीकडे होता. २०० डॉलर म्हणजे ४०० वाचतात, एवढंच त्याला दिसत होतं.

दोन इंच कमी

ती बंदूक बघायला तो गेला आणि तिथूनच व्हिडिओ लावला. घरमालक भला म्हातारा होता, मुलाची वस्तू विकत होता. म्हणाला, घोडा पाडून बघ, ठिणगी छान पडते.

मी म्हटलं, "थांब. घोड्याला हात लावू नकोस. आधी गज आत सोड."

त्यानं नळीचं तोंड आभाळाकडे धरून गज आत सोडला. तो खाली टेकला तिथे, नळीच्या तोंडाशी, गजावर नखानं खूण केली. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावला, खूण तोंडाशी. नळी रिकामी असती तर गजाचं टोक बरोबर कानापाशी यायला हवं होतं. कान म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं ते बारीक छिद्र, ज्यातून आग आत जाते. तोफेच्या कानात खिळे ठोकले असं आपण इतिहासात वाचतो, तोच कान. टोक दोन इंच अलीकडे थांबलं.

"मामा, दोन इंच कमी येतंय."

"मग आत बार आहे."

दोघंही क्षणभर गप्प झालो. २०-२५ वर्षं ती भरलेली बंदूक त्या घरात कोपऱ्यात उभी होती. म्हाताऱ्याचा चेहरा पडला, तो आत जाऊन खुर्चीवर बसला. नंतर गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्यानं ती सुखरूप रिकामी केली. आत खरोखरच गोळी होती आणि तिच्यामागे काळ्या ढेकळासारखी झालेली दारू. काळी दारू नीट कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. तो म्हातारा म्हणत होता तशी छान ठिणगी पडली असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्या रात्री झोपू देत नव्हता.

म्हणून हे ठळकपणे सांगतो. जुनी ठासणीची बंदूक, कुणाचीही असो, हातात आली की आधी गजानं मापायची. विकणाऱ्याच्या शब्दावर नाही.

बार निघाल्यावर दुरुस्तीवाल्यानं दिवा टाकून नळी दाखवली. बुडाशी गंजानं खड्डे पडले होते. नेमका जास्तीत जास्त दाब तिथेच येतो. तो पर्याय संपला.

पैसे कुठे घालायचे

राहिले दोन. इथे माझं ३१ वर्षांचं काम उपयोगी पडलं. डायमध्ये एक नियम असतो. जे नंतर हातानं सुधारता येतं त्यावर पैसे घालू नयेत, जे सुधारता येत नाही त्यावर हात आखडू नये. दस्त्याचं लाकूड वाकडंतिकडं असलं तर घासता येतं. पितळ ओबडधोबड असलं तर पॉलिश होतं. रंग बिघडला तर खरवडून पुन्हा देता येतो. पण नळी आणि यंत्रणा जशी आली तशीच राहणार, नवशिक्यासाठी तर नक्कीच. म्हणून किट स्वस्त आहे का हे बघताना एवढंच विचारायचं, ही नळी आणि ही यंत्रणा या पैशांत चांगली मिळते आहे का?

नळीचा प्रश्न लवकर सुटला. स्पेनमध्ये बनलेल्या नळ्या एइबारच्या सरकारी चाचणी केंद्रात जादा दाबानं तपासून शिक्का मारून येतात. इटलीत बनलेल्या तशाच गार्डोनेच्या केंद्रात जातात. भाच्याला म्हटलं, शिक्का बघ, बाकी वर्णन नंतर वाच.

यंत्रणेवर मात्र आम्ही तीन शनिवार घालवले. चकमकीच्या यंत्रणेत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. घोडा सुटला की गार समोरच्या पोलादी पात्यावर घासत खाली येते. ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. गारेची धार पोलादाचे बारीक तापलेले कण खरवडून काढते. ते कण खालच्या रंजकेत, म्हणजे कानाबाहेर ठेवलेल्या पेटवणीच्या दारूत, पडायला हवेत, तिच्या बाजूला नाही. रंजक पेटली की तिची आग कानातून आतल्या दारूपर्यंत जायला हवी. म्हणजे पात्याचं हार्डनिंग नेमकं हवं, मऊ पडलं तर कण निघत नाहीत. दोन्ही स्प्रिंगा एकमेकींना तोलून हव्यात. घोडा येण्याचा कोन हवा, कानाची जागा हवी. चारपैकी एक गोष्ट चुकली की आपल्या भाषेत ज्याला फुसका बार म्हणतात तो निघतो. रंजक भुस्स करून जळते आणि गोळी आतच. हे सगळं बरोबर जमवायला मेहनत लागते, आणि स्वस्त किटात ती मेहनत विकत घेणाऱ्यावर पडते. माझ्यासारखा माणूस शेजारी असता तर हरकत नव्हती. मी साडेबारा हजार किलोमीटर लांब.

ठासणीच्या बंदुकीचा दुसरा प्रकार म्हणजे टोपीची. तिच्यात घोडा फक्त हातोडी असतो. निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या पोकळ बोंडावर, बसवलेल्या तांब्याच्या टोपीवर तो पडतो, टोपीतला मसाला फुटतो, ज्योत थेट आत जाते. घोडा निपलवर सरळ आणि दमदार पडला की काम झालं. त्यासाठी उंची यंत्रणा लागत नाही.

दारूचाही फरक आहे. चकमकीला खरी काळी दारूच लागते, कारण पायरोडेक्ससारखे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात. खरी काळी दारू प्रत्येक दुकानात मिळत नाही. टोपीला पायरोडेक्स चालतं. (आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू मात्र यातल्या कशातच चिमूटभरही नाही. त्या दाबासाठी या नळ्या केलेल्याच नसतात.) टोप्यांची टंचाई मध्यंतरी अमेरिकेत झाली होती, गारगोटीला ती भीती नाही, हेही मी त्याला सांगितलं.

शेवटी मी त्याला म्हटलं, "चकमक हवी तर आणखी सहा महिने पैसे साठव आणि किब्लरचं घे. आत्ताच हवी असेल तर टोपीची घे. ४०० डॉलरात चकमक घेऊ नकोस."

तो नाराज झाला. आठवडाभर फोन नाही. माझा जीवही चकमकीतच होता हे त्याला सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी म्हणाला, "टोपीची घेतो. सहा महिने थांबलो तर मी कधीच करणार नाही, मामा."

हे त्याचं स्वतःबद्दलचं निदान अचूक होतं आणि निवडीत तेही धरायला हवं.

मग ट्रॅडिशन्सच्या टोपीच्या किटांतली कुठली, लांब केंटकी घाटाची की आखूड हॉकेन घाटाची? त्या कंपनीच्या केंटकीचा दस्ता दोन तुकड्यांचा, मध्ये पितळी जोड. हॉकेनचा दस्ता अर्धा आणि एकाच लाकडाचा, नळी २८ इंच, ४८ इंचांत एक पीळ, व्यास ०.५० इंच. गोल गोळीला याहून सावकाश पीळ जास्त चांगला, हे मान्य. पण हॉकेनची नळी मागे आकड्यात अडकते. पाचर काढली की नळी उचलून वेगळी होते आणि बादलीत उभी करून धुता येते. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते, त्यामुळे त्याच दिवशी धुणं भाग असतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ही एकच गोष्ट पुरेशी होती. हॉकेन ठरली.

बिजागरी आणि काजळी

किट आलं. लाकूड फिकट, घट्ट रेषेचं, धातूच्या वर जागोजागी दीड-दोन मिलिमीटर उभं. यंत्रणेची पट्टी खाचेत जाताना एका कोपऱ्यात अडत होती. भाचा म्हणाला, पटाशीनं थोडं काढून टाकतो.

"कुठून काढणार?"

"जिथे अडतंय तिथून."

"कुठे अडतंय ते तुला दिसतंय का?"

दिसत नव्हतं. टूलरूममध्ये आम्ही दोन पृष्ठं मिळवताना ब्लू लावायचो. जिथे रंग लागला तो उंच भाग, तेवढाच खरवडायचा. लाकडात तेच करायचं, पण काजळीनं. त्याला दाखवायला मी देवघरातलं निरांजन लावलं, वर स्टीलची ताटली उलटी धरली, जमलेली काजळी थेंबभर तेलात कालवली. सुताराकडून आणलेला सागाचा तुकडा आणि स्वयंपाकघराच्या दाराची एक जुनी बिजागरी घेतली. बिजागरीच्या पाठीला बोटानं पातळ काजळी लावली, खाचेत दाबली, उचलली. लाकडावर तीन काळे ठिपके, एक डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा. कॅमेऱ्यासमोर तेवढाच ठिपका पटाशीनं उचलला, कागदासारखा पापुद्रा. पुन्हा लावली, पुन्हा दाबली. आता ठिपके सात. अकराव्या वेळी काळा रंग सगळीकडे सारखा पसरला आणि लाकूड उलटं धरलं तरी ती खाचेतून पडली नाही.

हिने मागून विचारलं, दाराला काय लावायचं आता? नवीन बिजागरी आणली.

भाच्यानं त्याच पद्धतीनं दोन रात्रींत पट्टी बसवली आणि ती उत्तम बसली. चूक नंतर झाली. लाकूड घासताना पॉलिश पेपर बोटांत धरून घासला. बोटं मऊ असतात, कडेवर दबतात. पट्टीभोवतीची कड गोल झाली आणि एका बाजूला केसाएवढी फट दिसायला लागली. कागदामागे लाकडी ठोकळा धर, हे मी सांगायला विसरलो होतो. ही चूक माझी. ती फट अजून आहे.

तेलाबद्दल एक सांगून ठेवतो. दस्त्याला जवसाचं उकळलेलं तेल दिलं, आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते. त्यानं भिजलेली फडकी चुरगळून टाकायची नाहीत. ती आपोआप तापतात आणि पेटतात. पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवायची.

नळीला तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम आणलेला आणि वेळेवर थांबवलेला गंज. तेलाचा अंश पुसून द्रावण लावायचं, दमट जागी ठेवायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. त्याच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून चार दिवस लागले. आपल्या जुलैत दोन दिवस पुरले असते.

चिंध्या

ऑगस्टच्या अखेरीस रेंजवर गेला, तिथल्या एका जाणत्या सभासदाच्या देखरेखीखाली. आधी नुसत्या टोप्या उडवून निपलमधलं तेल जाळलं. मग मापानं दारू, तेलकट चिंधीत गुंडाळलेली ०.४९० इंचाची शिशाची गोळी, आणि गजानं थेट दारूवर टेकेपर्यंत ठासायची. गोळी आणि दारू यांच्यात जागा राहिली तर नळी फुगते, म्हणून भरल्यावर गज कुठवर आत जातो त्याची खूण गजावर कायमची केलेली होती. १८५७च्या त्या काडतुसांच्या बंदुकाही ठासणीच्याच होत्या. काडतूस म्हणजे कागदाची चरबीयुक्त पुडी, दातानं फाडून दारू आत ओतायची. भाच्याला हे ठाऊक नव्हतं, त्याला शाळेत फक्त मंगल पांडे आठवत होता.

५० यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. त्यानं निराश होऊन लक्ष्याचा फोटो पाठवला. मी म्हटलं, लक्ष्य नको, चिंध्या दाखव. गोळीबरोबर चिंधी बाहेर पडते आणि काही पावलांवर जमिनीवर सापडते. त्यानं चार वेचून टेबलावर मांडल्या. मधला गोल काळा, ठीक होता. पण गोळीला लपेटून नळीच्या खाच्यांवर घासत आलेला भाग एकसारख्या अंतरावर चिरलेला, धाग्यांची टोकं सरळ. जळलं असतं तर टोकं तपकिरी आणि कुरतडल्यासारखी दिसतात. हे कापलेलं होतं. नव्या नळीच्या पिळाच्या कडा धारदार असतात.

उपाय साधा होता. चिंधीला मेण-तेल जास्त, दारू ७० ग्रेनवरून (दारूचं माप) ६०, आणि धीर धरून गोळ्या चालवत राहायचं, कडा आपोआप मवाळ होतात. तिसऱ्या शनिवारी चिंध्या अखंड आल्या, कडेला फक्त झालरीसारखे धागे. पाच गोळ्या चार इंचांत. खर्च किट, दारू, टोप्या, गोळ्या, माप, तेल-द्रावण सगळं धरून ५७० डॉलरवर थांबला होता.

त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा आमचे रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी जागाच होतो. त्यानं फोन बेसिनवर टेकवून ठेवला. नळी बादलीत उभी, गजाला फडकं, कोमट साबणाचं पाणी खालून वर ओढलं जात होतं.

"मामा, सहावं पाणी झालं. अजून काळं येतंय."

"येऊ दे. आणखी एक घे."